चुन्याचे गोटे

सिंदी मेघे, वर्धा
२१ ऑक्टोबर २०२४

चि. श्रीनिवास,

आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे, तेव्हा तो लिहिला असं समज. आम्ही ठीक आहोत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

काल सेलूला, आपल्या बरडावर जाऊन आले. तिथल्या गवतातल्या मुंग्यांच्या एकतीसही बिळांत तू पावडर टाकवलीस. शाळेतून रिटायर झाल्यापासून नऊ वर्षं मी ती बिळं बघत होते. विज्ञानाच्या बाईला दुसरं येतं काय!

फोनवर म्हणालास, "ताई, मुंग्याच त होत्या! ज्वारीचं बी नेऊन राह्यल्या होत्या. साखर टाकून देतो, पाप फिटून जाईन."

अरे शहाण्या, त्या साखरेच्या मुंग्या नव्हेत. त्या मारवेलचं, कुसळीचं बी वेचतात. मोठ्या डोक्याच्या असतात त्या दाणे फोडतात, बाकीच्या टरफलं दाराबाहेर टाकतात. पावसानं कोठार भिजलं की दाणे उन्हात आणून वाळवतात आणि पुन्हा आत नेतात. वाटेत सांडलेला दाणा उगवतो. तेच गवत तुझी जनावरं खातात. खाल्ल्या घरचे वासे मोजायला तुला लाज कशी वाटली नाही?

तीन बिळांत थोड्या मुंग्या उरल्यात. राणी बहुतेक खाली मेली. ती एकच असते. तिच्यामागे नवी पिल्लं नाहीत. तरी या आपल्या दाणे आणताहेत. दुपारभर मी ते बघत बसले आणि तुला शिव्या देत राहिले.

एकही बीळ सुटलं कसं नाही, म्हणून तुझ्या सालदाराला, तानबाला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "मालकानं सांगतलं, जथी चुन्याचा गोटा दिसन तथी टाकजो. मले वाटलं, बाईनंच मारासाठी निशाण्या करून देल्ल्या."

ते गोटे माझेच. बिळं गवतात हरवू नयेत म्हणून प्रत्येकाशेजारी चुना लावून ठेवले होते. आणि महालक्ष्म्यांना तुझ्याकडे आले तेव्हा एकेक गोटा दाखवत तुला बरडभर मीच फिरवलं. कौतुक सांगायची हौस, दुसरं काय!

यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. तुला माफ केलं तर मला स्वतःलाही करावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं होणार नाही.

ताई म्हणून नव्हे,
नलू