भुंकणारा खोकला

ता. ९ जानेवारी

व्याहीबुवा यांस नमस्कार.

इकडे ठीक. विहीणबाईंचे गुडघे बरे असावेत. तुमची सर्दी गेली का? मुद्दाम विचारतो.

नात सावरली, हे सूनबाईने फोनवर सांगितलं असेल. बाकीचं नसेल सांगितलं, बापाचा मान राखते ती. म्हणून मी लिहितो. शाळा अर्धवट सोडलेल्याचं अक्षर आहे, मास्तर, लावून वाचा.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा तशीच भुंकल्यागत खोकायला लागली. घसा बसलेला, श्वास आत घेताना घरघर, बरगड्यांखाली खड्डे पडत होते. सूनबाई पातेल्यात वाफेचं पाणी ठेवत होती. ते तसंच टाकून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला रडवू नका. रडली की श्वास आणखी कोंडतो. आईच्या मांडीवरच बसू दे." घशात चमचासुद्धा घातला नाही. सूज उतरायचं औषध एकदा पाजलं, मशीनचा मास्क धरून दुसरं दिलं आणि बराच वेळ नजरेखाली ठेवलं. घरी वाफ देऊ नका, पोर भाजेल, असंही बजावलं.

मी विचारलं, "बाई, हे कुत्र्यापासून होतं का?"

"कुत्र्याचा नुसता आवाज, आजोबा. हा सर्दीचा विषाणू, माणसाकडून माणसाला. घरात कुणाला सर्दी होती?"

सूनबाई खाली बघायला लागली.

नाक शिंकरत आलात तुम्ही. पोरीचे मुके घेतलेत. ती पहिल्यांदा खोकली तेव्हा म्हणालात, "कुत्र्याच्या संगतीने भुंकायला लागली, ते जनावर आधी काढा." माझा मुलगा म्हणाला, मास्तर उगाच बोलणार नाहीत. जाताना भुऱ्याला तुम्हीच ओढत नेलंत, ओळखीच्या लाकडाच्या वखारीत बांधायला.

काल वखारवाला येऊन गेला. भुऱ्या दोरी कुरतडून निघाला होता. घराच्याच वाटेला लागला होता म्हणे. मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली आला. गळ्यातला पट्टा तेवढा माझ्या हातात दिला त्याने. घरात अजून कुणाला बोललो नाही.

नात रोज विचारते, भुऱ्या कुठंय. मी सांगितलंय, मास्तरआजोबांनी नेलाय, तेच देतील. रविवारी तिला घेऊन येतोय. दार तुम्हीच उघडा. आणि उत्तर जपून द्या, घसा अजून नाजूक आहे. तिला रडवायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

पट्टा माझ्या खिशात असेल.

तुमच्या नातीचा
दुसरा आजोबा