लाल न झालेला डाग

माय, आज भाजीत हळद टाकताना हात थांबला. तू जाऊन तीस वर्षं झाली, या घरात माझ्याशिवाय जेवणारं कुणी उरलं नाही, तरी चिमूट सोडण्याआधी तू बघत नाहीस ना, म्हणून मी मागं वळून बघते. बाळ गेल्यापासून तू हळदीला तोंड लावलं नाहीस. हळदीच्या हिंगोलीत राहून आपलं वरण पांढरं, म्हणून शेजारणी हसायच्या.

दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष होतं ते. अडत्याच्या खळ्यावर तू उकडलेली हळद वाळत घालायला जायचीस, तीन महिन्यांचं बाळ तिथंच सावलीला झोळीत. ते सारखं ओकायचं, पोट फुगायचं, अंग काही धरेना. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, "उलटी हिरवी-पिवळी होते का?" तू दोन्ही हात पुढं केलेस. "न्हाई साहेब, ही माझ्या हातची हळद हाय. लेकराच्या कपड्याला लागून राहिली." कोपरापर्यंत पिवळे हात. त्यांना पटलं. मलाही पटलं असतं, पण धुणं माझ्याकडे होतं.

मी आठ वर्षांची. दगडावर तुझं लुगडं पसरते, साबण लावते, आणि हळदीचा डाग लाल होतो, रोज होतो तसा. मग बाळाचं दुपटं घेते. त्यावरचा डाग हिरवट तो हिरवटच. मी पुन्हा पुन्हा घासून बघते. झिजलेली वडी पाहून तू पाठीत धपाटा घालतेस. "काहून येवढा साबण घासून राहिली गं?" मी गप्प बसते.

महिन्याभरानं नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. आतडं जन्मापासूनच अर्धवट अडलेलं होतं, हिरवी उलटी दिसली तेव्हाच आणायचं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, पण बाळ वाचलं नाही. येताना एसटीत रिकामं दुपटं मांडीवर घेऊन तू आपले हात बघत होतीस. "माझ्या हळदीनं गिळलं गं लेकरू," म्हणालीस, आणि मरेपर्यंत तेच म्हणत राहिलीस. मी शेजारी बसून ऐकत राहिले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मी लहान होते, मला काय कळणार, असं आजवर सगळ्यांना सांगितलं. पण तू "काहून" विचारलंस तेव्हा उत्तर माझ्या तोंडात होतं: दुपट्यावरचा डाग लाल होत नाही, तो हळदीचा नाही. धपाट्याचा राग आला होता, म्हणून तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं. चार दिवसांनी राग गेला. मग, आधी का नाही बोललीस म्हणून पुन्हा मारशील, याची भीती वाटली.