मिळून एक

हैदराबाद, ९ नोव्हेंबर १९७८

तीर्थरूप चंपतदादा,

पाया पडते, पण रागानं.

मी बरी आहे, मेसचं जेवणही बरं आहे. आता आईचं बोलू. ती न्हाणीत पडली आणि दुपारभर ओल्या फरशीवरच राह्यली. तू कचेरीत, आपला धाकला माणिक कापूस वेचायले वावरात. दोघांयलेही वाटलं, दुसरा घरी असन. वरून मलेच लिहितो, "घरी कोणी ना कोणी असतेच. तुझं ते गणित काय कामाचं?"

ऐक, काय कामाचं. मी एका गोल चकतीवरच्या, मर्यादेत राहणाऱ्या फलनांवर काम करून राह्यली. त्यातली दोन-तीन घ्यायची, दुसऱ्या फलनांनी गुणायची, बेरीज करायची. अशा सगळ्या बेरजांच्या समूहाले आमी आयडियल म्हणतो. त्यात सगळ्या जागी पूर्ण एक भरणारी बेरीज कधी मिळते? सगळी एकाच जागी शून्य होत नाहीत, एवढ्यानं भागत नाही. चकतीच्या काठाकडं जाता जाता सगळीच शून्याजवळ घसरू शकतात. सगळ्यांचं मिळून बळ कुठंच एका ठरल्या मापाखाली जायले नको, तेव्हाच एक मिळते.

तुझं "कोणी ना कोणी" इथंच कमी पडते, दादा, त्यात ठरलं माप कुठं आहे! काऊन समजत नाही तुले?

आदिलाबादले नेऊन एक्स-रे काढला का? तिले उठता येते का? खरं लिही.

मी शनिवारच्या गाडीनं येते. मले धरून तीन लेकरं, आणि त्या दुपारी आईजवळ मिळून एक माणूस भरलं नाही.

तुझी बहीण,
पद्मिनी