सात मिनिटांची शिट्टी

सांगली,
१४ डिसेंबर १९६४

प्रिय कस्तुरी,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस, घरी सगळे सुखरूप आहेत. माझं पत्र म्हणजे चार ओळींचं पोस्टकार्ड, हे तुला तेरा-चौदा वर्षांत पाठ झालं असेल. 'चि. सौ. कस्तुरीस आशीर्वाद', मग हळदीचा भाव, मग तुझ्या आईचे गुडघे, शेवटी जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाई आक्काताईंना नमस्कार. एवढ्यात कार्ड भरायचं, आणि खरं सांगायचं तर कार्ड भरलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. आज मात्र दुपारपासून वखारीत बसून कागदामागून कागद लिहितोय. दिवाणजीला दोनदा परत पाठवला. शनिवारी क्लबात जे घडलं ते तुझ्या आईला सांगून झालं, पण तिला सांगून माझं समाधान होईना. ते तुलाच सांगायला हवं.

आमचा सदर्न क्लब तुला बाहेरून माहीत आहे. आतून कुठल्याच बाईला माहीत नाही. साहेबाच्या काळात कुणी तरी नियम करून ठेवला की पोर्चच्या पुढे स्त्रियांना मज्जाव. साहेब गेला, संस्थान गेलं, दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला, पण नियम जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंना नवऱ्याकडे निरोप द्यायचा असला तरी त्या फाटकाबाहेर टांग्यात बसून राहतात आणि टांगेवाला आत येतो. तुझी आई तीस वर्षांत एकदाही आत आलेली नाही. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट गेली सहा वर्षं मी क्लबाचा चिटणीस आहे आणि तो नियम दरवर्षी सुवाच्य अक्षरात नव्याने लिहून लावणारा मीच. अक्षर चांगलं असण्याचे तोटे, दुसरं काय!

दिवाळीनंतर एक दिवस कृष्णात मास्तर क्लबाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. हो, तुमच्या शाळेतले खेळाचेच कृष्णात मास्तर, मेढ्याकडचे. केस सगळे पिकले, पण पाठ तशीच ताठ. आता ते 'हिरकणी मंडळ' म्हणून मुलींचा खो-खोचा संघ चालवतात. जानेवारीत देवासला मोठी स्पर्धा आहे, मुलींची निवड झाली आहे, आणि जायच्या खर्चाला पैसे नाहीत. मास्तर म्हणाले, "नेमूशेठ, भीक नको. पोरी खेळून दाखवतील, तुमी तिकीट लावा." तुझी शपथ, माझ्या मनात आलं की नाही म्हणावं. त्यांच्या तोंडाकडे बघायची मला चोरी होती, आणि का ते तुला ठाऊक आहे. पण बाकीच्या सभासदांना कल्पना आवडली. वर्षभर पत्ते आणि बिलियर्ड्स खेळून कंटाळलेली मंडळी!

मग सुरू झाल्या कमिटीच्या सभा. टेनिस कोर्ट क्लबाच्या मागे. तिथे जायची खरी वाट हॉलमधून. मुली हॉलमधून कशा जाणार? तीन सभा यावर झाल्या, कस्तुरी, तीन. शेवटी ठरलं की मुलींनी मागच्या बाजूने, माळ्याची खताची गाडी येते त्या फाटकाने यावं. पायघोळ पायजमे घालावेत. आणि प्रेक्षकांत बाई नको. सूचना अर्थातच मी लिहिली.

शनिवारी दुपारी तीनला मी फाटकावर उभा. मुली आल्या त्या आयांना घेऊनच. कुठली आई वयात आलेली पोर एकटी पुरुषांच्या गराड्यात पाठवील? आठ-दहा बायका होत्या, आणि सगळ्यांत पुढे आपल्या वखारीत हळद निवडणारी बनुबाई. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं ते घर. मोठी खमकी बाई आहे. तिची धाकटी हौसा संघात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्याच वखारीत रोज आठ तास बसणारी बाई, पण मी कधी विचारलं नव्हतं. मी नियम सांगितला. ती भांडली नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मालक, आमी हितंच भिंतीला हुबा ऱ्हातो. आवाज तर यील?" हळदीने पिवळे झालेले हात पदरात घेऊन ती भिंतीला टेकली, आणि मी खताच्या फाटकाला आतून कडी घातली.

सामना होता तासगावच्या मुलींशी. तासगाव आणि हिरकणी म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य, तेव्हा सांभाळून घेण्याचा प्रश्नच नव्हता. पण तिकिटांतून अर्धाच खर्च निघाला होता. तेवढ्यात आमचे लालासाहेब, ते इस्लामपूरचे, साखर कारखान्यावरचे, तरुणपणी कुस्त्या मारलेले आणि ते अजून रोज सांगणारे, चहाचा कप घेऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "आवं मास्तर, पळायला छातीत दम लागतो. तुमची कुठली पोरगी मिनिटभर टिकली तरी लय झालं. सातच्या सात मिनिटं एक जरी टिकली, तर उरलेला सगळा खर्च माझा." हशा पिकला. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली आणि हौसाला पहिल्या तिघींत उतरवलं.

वेळ बघायचं काम माझ्याकडे होतं. हातात माझं खिशातलं घड्याळ, गळ्यात शिट्टी. सात मिनिटं झाली की फुंकायची, एवढंच.

आता मी तुला खो-खो सांगणार आहे, हसू नकोस. मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मला वाटत होतं, ही लहान पोरांची पळापळी असेल. आठजणी ओळीत बसलेल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, दोघींच्या मधून घुसता येत नाही. पळणारी मात्र कुठूनही जाते. मला वाटलं, मग सोपंच की. पण पाठीत 'खो' बसला की बसलेली मुलगी धनुष्यातून बाण सुटावा तशी उठते, आणि पळणारीला ती कुठून उठेल हे आधीच कळावं लागतं. एका मिनिटात पहिली बाद झाली. पावणेदोन मिनिटांत दुसरी. लालासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. हौसा राहिली. आता सगळा संघ तिच्या एकटीच्या मागे, तरी हौसा राहिली. ती पोर काही भरधाव पळत नव्हती गं. ती चालत असल्यासारखी, खांद्यावरून मागे बघत, ओळीच्या आतून बाहेरून नागमोडी जात होती, आणि अंगावर येणारा हात वीतभर अंतरावर हवेतच राहत होता. तिच्या पायांचा आवाज येत नव्हता. क्लबात इतकी शांतता मी भर सभेतही कधी ऐकली नाही. डॉक्टरांची सिगारेट बोटांत जळून संपली.

चार मिनिटं झाली तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मग तासगावच्या मुलींनी तिला खांबाकडे दाबत नेलं. मागे त्यांची सगळ्यांत उंच मुलगी, पुढे खांब, बाहेर आखलेली रेघ. संपलं, असं मला वाटलं. आणि कडेला बसलेल्या हिरकणीच्या पोरी एका दमात ओरडल्या, "कस्तुरी घे! हौसे, कस्तुरी!"

मी चमकून त्या पोरींकडे पाहिलं. ज्या आवारात बाईचं पाऊल नाही, तिथे माझ्या लेकीचं नाव दहा गळे ओरडत होते. हौसाने खांबाच्या बाहेरून जाण्यासाठी सगळं अंग झोकून दिलं, म्हणजे मला तसं दिसलं, त्या उंच मुलीलाही तसंच दिसलं आणि तीही झेपावली. पण हौसाचं पाऊल तिथेच रोवलेलं. ती जागच्या जागी वाकली, झेपावणाऱ्या हाताखालून, खांब आणि शेवटची बसलेली मुलगी यांच्या फटीतून पलीकडे निघाली आणि पुन्हा चालायला लागली. नुसती चालायला लागली, कस्तुरी! लालासाहेब खुर्चीवरून उठून "वा रं माझ्या वाघिणी!" म्हणून ओरडले, आणि भिंतीपलीकडून बनुबाईचा आवाज आला, "मालक, काय झालं त्ये सांगा की वं!" माझे डोळे हौसावरून हटेनात. मी देवळात जातो, पूजा करतो, गोमटेश्वराच्या पायाशीही उभा राहून आलो आहे. पण आपण बघतोय ते आपल्याहून फार मोठं आहे, असं पहिल्यांदा वाटलं ते त्या टेनिस कोर्टावर.

त्यानंतर तिने तीच चाल आणखी दोनदा घेतली. पुढच्या खेपेला पाय घसरला आणि तासगावच्या मुलीने तिची वेणी गाठली. बाद! तासगावकरणींनी एकच गिल्ला केला, आमची मंडळी हळहळली. हौसा गुडघ्यांवर हात टेकून खाली बघत उभी. तेव्हा कुठे मला घड्याळाची आठवण झाली. पाहतो तर आठ मिनिटं आणि चाळीस सेकंद. सात मिनिटांची शिट्टी मी फुंकलीच नव्हती. चाळीस वर्षं तराजूचा काटा बघण्यात गेलेला माणूस मी, आणि हातातलं घड्याळ बघायला विसरलो. उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी, ही मुलगी सात मिनिटं केव्हाच टिकली. डॉक्टरांनीही आपल्या मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. लालासाहेब माझ्याकडे वळले. "मग शिट्टी का न्हाई फुंकली, नेमूशेठ?" मी घड्याळ खिशात घातलं. ते मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या. मला तरी कुठं ध्यान हुतं?" खर्चाचा शब्द त्यांनी तिथल्या तिथे पाळला.

मी तसाच हॉलमधून पुढच्या पोर्चमध्ये गेलो, मोठा दरवाजा सताड उघडला आणि बायकांना हाक मारली. बनुबाई पायरीवर थबकली. "आमी हितनं यायाचं?" मी म्हटलं, हितनंच. त्या सगळ्याजणी बिलियर्ड्सच्या टेबलाजवळून, जुन्या साहेबांच्या तसबिरींखालून चालत कोर्टावर गेल्या. कुणी काही बोललं नाही. बोलतील, पुढच्या सभेला. खुलासा मागणारं पत्र आलंच आहे. येऊ दे. त्या दिवशी दिवस मावळला तरी मी तिथेच होतो. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून साडेपाचला उठणारा मी, तसाच उपाशी घरी आलो, आणि तुझी आई माझं कपाळ चाचपत बसली.

कृष्णात मास्तरांना मी विचारलं की मुली ते नाव का घेत होत्या. त्यांनी सरळ सांगितलं. ती चाल त्यांची नव्हे. पन्नास साली त्यांच्या शाळेत एक मुलगी ती घ्यायची, कुणी न शिकवता. ती खेळायची बंद झाली, पण मास्तरांच्या डोळ्यांत राहिली होती. तेव्हापासून प्रत्येक मुलीला ती शिकवतात आणि नाव तिचंच सांगतात. त्या वर्षी तुझी स्पर्धेसाठी मुंबईला जायची पिशवी भरून झाली होती, आणि मी ती आतल्या खोलीत परत ठेवायला लावली, हे त्यांनी काढलं नाही. पेठेत एकजण मला म्हणाला होता, "शेठ, तुमची पोरगी मैदानात उघड्या पायांनी पळतीया." बस, तेवढ्यावर. मी तुझ्या आईला सांगितलं, आईने तुला सांगितलं, आणि पुढच्या वैशाखात तुझं लग्न. तू एक अक्षर बोलली नाहीस. मी ते समजूतदारपणा म्हणून चारचौघांत सांगत आलो.

आता पत्र लिहायचं कारण. मुली चार जानेवारीला निघणार. आया म्हणतात, बरोबर एक बाई हवी, आणि मास्तर म्हणतात, तिला खेळ कळत असावा. हौसाने मला विचारलं, "कस्तुरीताई खऱ्याच हायती व्हय? आमाला वाटलं, लय जुन्या काळच्या कुणी तरी." मी म्हटलं, आहे, साताऱ्यात आहे, माझी मुलगी आहे. ती पोर माझ्याकडे अशी बघत राहिली की मला मान खाली घालावी लागली. तू जाशील का गं त्यांच्याबरोबर? जावईबापूंना किंवा आक्काताईंना मी अजून काही लिहिलेलं नाही. तेव्हा सगळ्यांना विचारलं होतं, तुला सोडून. आज फक्त तुला विचारतो आहे. तू हो म्हणालीस तर पहिल्या एस.टी.ने येऊन त्या दोघांपुढे हात जोडेन. नाही म्हणालीस तरी मला समजेल, कारण मागायचा मला काय हक्क? तुमच्या शाळेचं मैदान वखारीच्या वाटेवरच होतं. रोज दोनदा मी तिथून जायचो, जाताना आणि येताना. आतून तुमचा आरडाओरडा ऐकू यायचा. तू तिथे असायचीस, आणि मी एकदाही थांबलो नाही. कस्तुरी, मला तुझा खेळ बघायचा आहे.

तुझाच,
आप्पा