ग्रहणाआधीची बोटं

मिरजगाव, एस.टी. स्टँड
१४ नोव्हेंबर १९७१, सकाळ

चि. सौ. चांगुणास आशीर्वाद.

मी खुशाल आहे. राहुरीच्या प्रयोगशाळेत अंड्यांचं काम चालू आहे.

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. ‘पोरीला पाजावंसं वाटत नाही, दोघींनी बारव जवळ करावी,’ असं लिहिलंस. काल मी इथवर आलो होतो. उतरलो, आणि परतीच्या गाडीत बसलो. आज पुन्हा आलो आहे.

बारशाला तुझ्या सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, “राखीपुनवेच्या ग्रहनात हिनं अडकित्ता धरला. सुपारीसंगं लेकराची बोटं बी कातरली.” तू माझ्याकडं पाहिलंस. मी चहा पीत राहिलो.

तेव्हा बोलायचं होतं ते आता ऐक. कोंबडीच्या अंड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंखाच्या जागी बारीक कोंब येतो. त्याला पंख व्हायला कोण सांगतं? पेशीत आईबापांकडून आलेली जनुकं असतात. त्यांतली काही बाकीच्यांवर मुकादमी करतात. कुणी कधी जागं व्हायचं, कधी गप्प बसायचं ते ठरवतात. या मुकादमांची घडण आम्हाला अजून पुरती उमगलेली नाही. पण तिच्यात खोट असली, तर मधली बोटं उगवतच नाहीत. माणसाची बोटं तिसरा महिना सरायच्या आत घडून होतात. ग्रहण लागलं तेव्हा तुला सातवा होता, चांगुणा. तुझ्या हातून काही झालेलं नाही.

खोट आपल्या घरातली आहे. माझ्या डाव्या पायाला मधली बोटं नाहीत, पंजा दुभंगलेला आहे. आई सांगायची, “कुनाला दावू नगं. बहिनीला बी न्हाई.” म्हणून मी मोजे काढत नाही. बारशाला राहात्याचे पाहुणे होते, त्यांची मुलगी मला सांगून आली होती. माझं लग्न मोडू नये म्हणून मी तुला त्या बोलण्याखाली एकटीला सोडलं.

रक्तातला दोष कळल्यावर ते तुला नांदवतील का, मला ठाऊक नाही. या भीतीनंच काल फिरलो, असं स्वतःला सांगत होतो. ते खोटं होतं.

तुझी शेजारीण गोजरबाई बाजाराला आली आहे. तिच्या हाती हे देतो, म्हणजे मला माघार नाही. मागोमाग येतोच. सगळ्यांसमोर पाय दाखवीन. हाकललं तर तिघं राहुरीला जाऊ. माझी एक खोली आहे.

मी येईपर्यंत घराबाहेर पडू नकोस. एवढं माझं ऐक, मग जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल.

तुझ्याच रक्ताचा,
राधाकृष्ण