फ्रिजवर लावलेल्या तारा

प्रिय आत्या,

"बाबांना विचारू नकोस, फ्रिजला विचार," असं तू मला एकदा म्हणाली होतीस. मी नऊ वर्षांची, सतत तुझ्या मागे असणारी, तुझी 'शेपूट' होते. सुट्टीत तुझ्या शिवणाच्या दुकानात टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करत होते. तू पूर्वी गायचीस हे आईकडून नुकतंच कळलं होतं, म्हणून का सोडलंस, का सोडलंस अशी भुणभुण लावली होती. तोंडातल्या टाचण्या न काढताच तू ते वाक्य बोललीस आणि पुन्हा पडद्याला दुमड घालायला लागलीस. मी घरी येऊन खरंच आमच्या फ्रिजसमोर कान लावून उभी राहिले. आईला वाटलं, भूक लागलीय.

फ्रिज चुकीचा होता, हे कळायला मला अडतीस वर्षं लागली.

गेल्या महिन्यात तुमच्या बँडचा ड्रमवाला आला होता. पत्र्याचं वर्कशॉप मुलाच्या हवाली करून तो आता लहान घरात राहायला जातोय. बुटाच्या खोक्यात दोन कॅसेटी घेऊन थेट माझ्या दवाखान्यात आला. माझी कान तपासायची खोली बघून म्हणाला, "एवढी शांत खोली आम्हाला त्या वेळी मिळाली असती, तर आम्ही किती वाईट वाजवतो ते तेव्हाच कळलं असतं!" मग दोन पेशंटच्या मधल्या वेळात बसून त्याने मला तू, बाबा, बासवाला आणि तो स्वतः, अशा तुम्हा चौघांची सगळी कथा सांगितली. ज्या बारमध्ये वाजवायचात तिथल्या भिंतीवरची पाटी बघून तुम्ही बँडचं नाव 'शांतता राखा' ठेवलंत. बारच्या दारावर 'शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता शांतता राखा' असा कागद लागला. लोकांना वाटलं, आत कुणीतरी आजारी आहे, आणि पहिल्या शुक्रवारी तीनच माणसं आली. तिसरा म्हणे वीजमीटर बघायला आला होता. तू माझ्या आजीचा कोट कापून शिवलेली पँट घालून गायचीस, आणि दुसऱ्या कडव्यानंतर ग्लास ठेवायचा आवाजसुद्धा बंद व्हायचा, असं तो म्हणाला. आत्या, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मला तू फक्त माप घेताना माहीत आहेस.

आणि मग त्याच्या गोष्टीत फ्रिज आला. काउंटरमागचा तो कपाटाएवढा फ्रिज, दिवसरात्र एका सुरात घुमणारा. दुपारी बार बंद असताना तुमची तालीम चालायची. स्वर लावायला तुमच्याकडे काही साधन नव्हतं, म्हणून बाबा फ्रिजच्या दाराला कान लावायचे आणि त्या सुरावर गिटारच्या तारा लावायचे. बासवाला बाबांच्या गिटारवरून लावायचा आणि तू बासवाल्यावरून. तीन वर्षं. चौघांचं आपसात उत्तम जुळायचं. फक्त बाकी सगळ्या जगापेक्षा तुम्ही सुरात किंचित चढे होतात, आणि जगाशी गाठ पडली नव्हती तोवर ते कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

गाठ पडली ती त्या मोठ्या सभागृहात. रेकॉर्ड काढणारा माणूस ऐकायला येणार होता आणि सभागृहाचा स्वतःचा पियानो होता, वाजवणाराही त्यांचाच. तिथे फ्रिज नव्हता, पण बाबांच्या कानात तो इतका बसला होता की त्यांनी आठवणीवरूनच तारा लावल्या आणि अगदी फ्रिजइतक्याच लावल्या. पियानोवाल्याने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, तर बाबांनी त्याला, "तुमचा पियानो दुरुस्तीला टाका," असं ऐकवलं. पुढचं तुला माहीत आहे. लोक हसले. आणि आतल्या खोलीत सगळ्यांदेखत, त्या रेकॉर्डवाल्यादेखतसुद्धा, बाबा म्हणाले, "हिच्यामुळे घोटाळा झाला. हिला सुराचं कळत नाही."

ड्रमवाला म्हणाला, तू पर्स उचललीस आणि गेलीस.

पहिली कॅसेट बारमधली, दुसरी त्याच कार्यक्रमाची आहे. मी ती माझ्या खोलीत, दार लावून, हेडफोनवर ऐकली. माझं सगळं आयुष्य लोकांना काय ऐकू येतं आणि काय येत नाही हे तपासण्यात गेलं आहे, पण इतकं घाबरत मी कधी काही ऐकलं नव्हतं. पहिल्या दोन ओळी तू बाबांच्या गिटारबरोबर चढ्या सुरात गातेस. मग एक श्वास ऐकू येतो. आणि तिसऱ्या ओळीपासून तू खाली उतरतेस, सरळ पियानोच्या सुरावर, आणि मागे आपली माणसं एका बाजूला ओढत असताना शेवटपर्यंत तिथून हलत नाहीस. मला वाटलं, माझाच कान पक्षपात करतोय. म्हणून पियानो लावणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना ऐकवलं, कोण, कुठलं काही न सांगता. ते डोळे मिटून म्हणाले, "या पोरांत ही बाई एकटीच बरोबर आहे. बिचारी."

मग मी बाबांकडे गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, खोटं कशाला बोलू. त्यांच्यासमोर कॅसेट लावली. त्यांनी पूर्ण ऐकली, बटण स्वतः बंद केलं आणि म्हणाले, "मला माहीत आहे." मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाले, राहिलेली वायर आणायला त्या सभागृहात परत गेले होते, तेव्हा कुणी नाही बघून त्यांनी पियानोची एक पट्टी दाबली आणि गुणगुणत, तोच सूर धरून बारपर्यंत चालत आले. फ्रिजपाशी पोचले आणि फ्रिजच चढा असल्याचं कळलं. "आठ दिवसांत कळलं होतं," म्हणाले. मग सांगितलं का नाहीत? "आठ दिवस उशीर झाला होता."

त्या आठ दिवसांवर तुम्ही दोघांनी मिळून सेहेचाळीस वर्षं चढवलीत. त्यांना माहीत होतं, आणि तुलाही माहीत होतं. नाहीतर नऊ वर्षांच्या पोरीला फ्रिजकडे कशाला पाठवलं असतंस? मी तुला दोष देत नाही. पण तू त्याच खोलीत तोंड उघडून, "दादा, तुझ्या तारा चुकल्यात," का म्हणाली नाहीस, याचा मी रोज विचार करते. मला वाटतं, दादाला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं तुझ्या जिवावर आलं. त्याने मात्र तुला पाडलं. हे मी बाबांनाही बोलून दाखवलं. ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ वाळलेले कपडे काढत राहिले.

आता हे पत्र का, ते लिहिते. फोनवर बाबांचं नाव निघालं की तू "मशीन चालू आहे गं" म्हणतेस, म्हणून पत्र. बाबांचा घसा बसलाय हे मी मागे म्हटलं होतं. तो बसलेला नव्हता, आत गाठ आहे. येत्या गुरुवारी त्यांचं स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ पूर्ण निघेल, जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात, पण त्यानंतर त्यांचा स्वतःचा आवाज नसेल. मी म्हटलं, आत्याला चार ओळी लिहा, मी टाकते पोस्टात. तर म्हणाले, "तोंडाने बोललो होतो, तोंडानेच मागे घ्यायला हवं." बुधवारी दुपारी चार वाजता ते तुझ्या दुकानात फोन करणार आहेत. माझ्या फोनवरून लावला असता तर माझा नंबर बघून तू उचललाही असतास, पण तुला फसवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. त्यांचा आवाज आता फार खरखरीत येतो, ओळखूही येणार नाही कदाचित. तू काही बोलायला नको, माफही करायला नको. नुसता रिसीव्हर कानाला लावायचा. मी तुला ओळखते, तू मशीन चालूच ठेवशील. तरी विचारते: बुधवारी एकदा उचलशील?

तुझीच,
शेपूट