कागदाची मागची बाजू

आबा,

कंपनीचं ते पत्र आज पुन्हा पाकिटातून काढलं. घड्या फाटत आल्यात, शाई मात्र अजून काळीकुट्ट आहे. कागद उलटा करून बोट फिरवलं, तर अक्षरं तशीच हाताला लागतात. तुम्हीही असंच बोट फिरवत बसायचात. म्हणायचात, "साहेबानं सोता बसून लिवलंय. बघ किती जोर हाय."

साहेबांनी नव्हतं लिहिलं. मशीननं लिहिलं होतं, आणि ते मशीन मी चालवायचे. तुमच्याच शब्दावर मला कंपनीच्या पिंपरीच्या ऑफिसात लावून घेतलं होतं. घरी मी फक्त ऑफिसात असते, एवढंच सांगायचे. पगाराच्या चिठ्ठ्या ठिपक्यांच्या प्रिंटरवर निघायच्या. पत्रांसाठी दुसरा होता, महागडा. त्याच्या आत प्लास्टिकची चकती, चकतीला पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक अक्षर. चकती गरकन फिरून हवं ते अक्षर समोर आणायची आणि मागून एक बारीक हातोडी ते रिबिनीवर हाणायची. कागदावर अक्षर उठायचं ते थेट टाइपरायटरचं. कागद एकेक करून मीच लावायचे. "ठिपके नकोत," साहेब म्हणाले होते, "प्रत्येकाला वाटलं पाहिजे, पत्र त्याच्यासाठीच टाइप केलंय." मजकूर एकच, नाव आणि कामगाराचा तिकीट नंबर तेवढा बदलायचा. तुमच्या नावाला मशीन काही अडखळलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी ते इंग्रजी पत्र तुम्ही माझ्याच हातात दिलंत. आई कणीक मळायची थांबली. मी वाचून दाखवलं: काम कमी आहे, सध्या घरी बसा, पुन्हा बोलावू.

आठवड्यानं मशीनशॉपमधले तुमचे जोडीदार आले, चाचा. त्यांनाही पत्र आलं होतं. "राव, माझ्या पोरानं वाचलं. काढून टाकलंय आपल्याला, साफ. चाकणला फिटर घेतायत, उद्या चल." तुम्ही हसलात. "तुझं येगळं असंल. माझ्यात बोलावणार लिवलंय. माझी पोरगी वाचती." मी आत भांडी पुसत होते. दोन पावलं बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी तेच ताट पुसत राहिले.

चाचा चाकणला लागले. तुम्ही दोन वर्षं रोज दाढी करून पोस्टमनची वाट बघितलीत. इस्त्रीचा युनिफॉर्म खुंटीला. शेवटी दवाखान्यातही विचारलंत, "पत्र आलं का गं?" मी म्हटलं, येईल. माझी जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

हे बॉलपेननं लिहितेय, जोर देऊन. लिहून झालं की त्याच पाकिटात ठेवीन. पुन्हा बोलावू असं त्या पत्रात कुठेच नव्हतं, आबा. तुमचा चेहरा बघवेना म्हणून ते मी घातलं, असं आई जाईपर्यंत तिला सांगत आले. ते खरं नाही. खरं वाचलं असतं तर हे कुणी टाइप केलं, असं तुम्ही विचाराल, याची मला भीती वाटली होती.